खाडीचा एक तास

बाबा,

गेल्या रविवारी तुझी नात खाडीच्या चिखलात मांडीपर्यंत रुतली होती आणि पाणी चढत होतं. ती सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण घरी कुणाचं पत्र आलं की मी ते फोडून वाचायला बसायचे आणि पहिल्याच ओळीला तू मला थांबवायचास, "शेवटाला काय लिवलाय ते आदी सांग." शेवटी सगळे बरे आहेत असं कळलं की मग भिंतीला टेकून, बिडी पेटवून बाकीचं निवांत ऐकायचास. तर सगळे बरे आहेत. ती सकाळीच ऑफिसला गेली, तिचे बूट गॅलरीत उपडे घातलेत आणि मी ठाकुर्लीच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, वाचता न येणाऱ्या आणि जाऊन वीस-बावीस वर्षं झालेल्या माणसाला पत्र लिहितेय. हसायचं तर हस. माझ्या सासरी वडलांना अहो-जाहो करतात आणि इतकी वर्षं तिथे राहून माझीही जीभ तशी वळली आहे, पण तुझ्याशी मला तसं बोलायला जमत नाही. तू आपला तूच.

तुझी पोरगी भित्री आहे हे तुला माहीत होतं, पण किती भित्री आहे ते बघायला तू राहिला नाहीस. दहा वर्षांची असताना खाडीत जे झालं, त्यानंतर मी पाण्यालाच नाही, ज्याचा तळ दिसत नाही अशा सगळ्यालाच भ्यायला लागले. गवत उंच असलं की त्यात पाय टाकत नाही. तलावाच्या कठड्याला हात लावून उभी राहते, वाकून बघत नाही. आणि नशीब बघ, माझ्या पोटी जी मुलगी आली तिला घरात बसवतच नाही. सोमवार ते शुक्रवार ठाण्यात कॉम्प्युटरसमोर काढते आणि शनिवार उजाडला की पाठीला बॅग लावून जिल्ह्यातलं एखादं जंगल नाहीतर धरण शोधत निघते. तिच्याकडे एक हिरव्या पुठ्ठ्याची डायरी आहे. तिच्यात तिने आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या सगळ्या जागा लिहून काढल्यात. येऊर, तानसा, बारवी, माहुली, माळशेज. बघून झालं की पुढे तारीख, कोणते पक्षी दिसले, कुठे पाणी मिळतं, परतीची एसटी किती वाजता. मी जन्मभर याच जिल्ह्यात राहिले आणि त्यातल्या निम्म्या जागा मला फक्त एसटीच्या पाट्यांवर वाचून माहीत होत्या.

घरी बसून फोनची वाट बघण्यापेक्षा बरोबर जाऊन भ्यायलेलं बरं, असं ठरवून मी तिच्या मागे जायला लागले. तिचे बाबा म्हणतात, "तू जंगल बघायला जात नाहीस, तू तिच्यावर पहारा द्यायला जातेस." खोटं नाही ते. येऊरला एकदा सकाळी आम्ही ओढ्याच्या कडेने चाललो होतो, आणि ती एकदम खाली बसली. ओल्या मातीत पंजा उमटला होता, बिबट्याचा. कडा अजून ओलसर होत्या. तिने त्याच्या शेजारी आपला हात ठेवला, फोटो काढला आणि मला म्हणते, "आई, बघ ना किती फ्रेश आहे!" फ्रेश म्हणे, भाजी असल्यासारखं. मी एकवीरा आईचं नाव घेत चारी बाजूंना बघत होते, आणि प्रत्येक झुडपामागे मला दोन डोळे दिसत होते. "चल परत," मी म्हटलं. "आई, तो आपल्यालाच घाबरून गेला असेल गं." मी म्हटलं, तो घाबरला असेल तर त्याला आणखी घाबरवू नकोस, चल. त्या दिवशी तिने डायरीत पक्ष्यांच्या खाली लिहिलं, 'आई : एकूण अठ्ठावीस वेळा चल म्हणाली.' मोजत होती कार्टी. माळशेजला धुक्यात ती दहा पावलं पुढे गेली आणि दिसेनाशी झाली, तेव्हा मी अशी ओरडले की चहाच्या टपरीवरचे लोक धावत आले. ती तिथेच होती, कणीस खात. मी घरी येऊन रडले.

असं करत करत डायरीतली एक सोडून सगळी पानं भरली. उरलेल्या पानावर लिहिलं होतं, 'ठाण्याची खाडी, फ्लेमिंगो.' आता त्या सगळ्या भागाचं अभयारण्य झालंय, बाबा. तुझ्या वेळी हे पक्षी इतके येत नव्हते. आता हिवाळा सरता सरता खाडीचा उघडा पडलेला चिखल त्यांनी गुलाबी होऊन जातो, आणि लोक बोटींतून ते बघायला जातात. मी तिला म्हटलं, तूही बोटीने जा, लाइफ जॅकेट घालून. तर म्हणाली, "बोटीतून तर सगळेच बघतात. आई, तुझं गाव तिथलंच ना? आजोबांच्या बांधावरून जाऊ आपण. तुला तर पाण्याचं सगळं माहितीये." मी म्हटलं मला काही माहीत नाही. ती म्हणाली, "असं कसं? तूच सांगायचीस, सगळं गाव आजोबांना वेळ विचारायला यायचं."

इथे मी फसले. भीती एका बाजूला आणि तुझा अभिमान एका बाजूला. ती लहान असताना मी तिला झोपवताना तुझ्याच गोष्टी सांगितल्या आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे तू बोटांच्या पेरांवर कसं करायचास. बाजूच्या आळीतले लोक होड्या काढायच्या आधी ओट्यापाशी येऊन "काय रे, किती वाजता?" असं कसं विचारायचे. आणि रविवारी कुणाकडून तरी मागून आणलेलं वर्तमानपत्र तू माझ्यापुढे कसं टाकायचास. कोपऱ्यात बारीक अक्षरांत भरती-ओहोटीच्या वेळा असायच्या. मी त्या वाचायचे, तू मान डोलवायचास आणि दर वेळी न चुकता म्हणायचास, "ती मुंबईची येल. आपल्या खाडीन पानी उशिरा येतंय. एक तास जास्ती धर." मला वाटायचं तू छापलेल्या कागदाची चूक काढतोयस. माझ्या वर्गातल्या एकाही मुलीच्या बापाला ते येत नव्हतं, मग तो सही करणारा असो की टाय लावणारा.

ठरलं ते माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं. उधाणाचं पाणी, म्हणजे ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडणार आणि पक्षी जवळ येणार. आदल्या संध्याकाळी मी भाकरी करत होते, तेव्हा ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, ओहोटी पूर्ण कधी ते तू बघून सांग, तुला कळतं." माझे हात पिठाचे. तिने फोन डोळ्यांसमोर धरला, मी मान मागे नेऊन आकडा वाचला. साडेसात. आणि मी काय म्हटलं असेल? तुझ्याच सुरात म्हटलं, "ती मुंबईची वेळ. आपल्या खाडीत एक तास जास्त धरायचा. साडेआठपर्यंत पाणी उतरतच राहील." तिचा चेहरा असा खुलला, बाबा! तिने तिथेच ओट्याला टेकून डायरीत लिहिलं, आणि खाली रेघ मारली. मला इतकं बरं वाटलं की पुढची भाकरी करपली.

पहाटेच्या गाडीने कळव्याला उतरून रिक्षाने गावात गेलो. बांधावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. बांध अजून आहे, फक्त आता त्याच्या मागे इमारती उभ्या आहेत. पुढे मात्र तेच तिवराचं रान, तोच वास. तो वास नाकात गेला आणि मी तिच्या बॅगेचा पट्टा धरला. तिवरांच्या फटीतून पलीकडचा उघडा चिखल दिसत होता, आणि त्याच्या कडेला पक्षी. हजारो असतील. सगळ्यांच्या माना खाली, आणि त्यांचा एकसारखा गुणगुणण्यासारखा आवाज. ती म्हणाली, "ओ माय गॉड, आई." मी म्हटलं, "इथूनच बघ." पण इथून बघायला ती आलीच नव्हती. मध्ये एक ओहळ होता, घोट्याएवढं पाणी उरलेला. त्याच्यापलीकडे चिखलाला जरा घट्टपणा होता. "साडेआठपर्यंत वेळ आहे ना?" "आहे, पण..." "मग मी थोडं पुढे जाते. तू इथे बस. प्लीज आई, चल चल करू नकोस." मी तिला फक्त एवढं सांगितलं, की ज्या पावलांनी जाशील त्याच पावलांनी परत ये. ती गेली. मी बांधावर बसले, आणि सवयीने, बघ, तू करायचास तसं, उतरून पाण्याच्या कडेला एक काडी रोवली.

आठ वाजायला आले होते आणि मी काडीकडे बघितलं, तर ती पाण्यात होती. तिच्या बुडाशी पाणी चार बोटं चढलेलं. मी डोळ्यांनी बघितलं, बाबा. शेजारच्या चिखलावर निवट्या मासे उड्या मारत वर सरकत होते, तिवराच्या मुळांवर चढून बसत होते, जसे ते पाणी यायला लागल्यावरच बसतात. हे तू मला शिकवलंस तेव्हा मी जेमतेम आठ वर्षांची होते. आणि मी स्वतःला काय सांगितलं असेल? काडी कलली असेल. अजून अर्धा तास आहे. बाबांचा तास आहे. पाणी समोर चढताना दिसत होतं आणि मी घड्याळाकडे बघत बसले. जन्मभर जिथे भ्यायला नको तिथे भ्याले, आणि ज्या एका सकाळी भ्यायला हवं होतं त्या सकाळी मी शहाणपण करत होते.

काडीचं टोक दिसेनासं झालं तेव्हा मी उठून हाक मारली. ती लांब होती, पाठमोरी, डोळ्याला कॅमेरा. वळली नाही. दुसरी हाक मारली, तिसरी मारली. मग मी जी किंचाळले ती माळशेजच्या चौपट. तेव्हा तिने वळून बघितलं, आणि तिला दिसलं की आपल्या आणि आईच्या मधला ओहळ आता ओहळ राहिलेला नाही. ती घाबरली आणि धावली. मीच ओरडून तिला घाबरवलं होतं. आपल्या जुन्या पावलांनी न येता ती सरळ माझ्या दिशेने धावली, आणि ओहळाच्या पलीकडेच, पाण्यापासून पाच-सहा पावलांवर तिचा एक पाय आत गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर तो त्याहून खोल गेला.

मी तिथे उभी होते आणि मी दहा वर्षांची होते. तोच वास, तेच पायाला खालून धरून ठेवणं. त्या दिवशी तू पागाचं जाळं टाकत होतास आणि मला होडीजवळ निवट्या धरायला सोडलं होतंस. मी एकामागून एक बिळं शोधत लांब गेले. मग कंबरेपर्यंत आत. जितकी धडपडत होते तितकी खाली जात होते, आणि पाणी पोटाला लागलं होतं, कोमट. तू आलास तो चालत नाही आलास. तू चिखलावर पोटावर पडलास, होडीतली फळी पुढे धरलीस आणि सरपटत आलास. तुझं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा चिखल. "उबी रानार नाय चिखलान," तू म्हणालास, "आरवी पड. झोप. मना धर आनि झोप." मी झोपले, आणि चिखलाने माझे पाय सोडले. होडीत घेतल्यावर तू मला एक थोबाडीत दिलीस, आणि मग वाकून खाडीच्या पाण्याने माझे पाय धुवायला लागलास. तुझे हात इतके थरथरत होते की पाणी माझ्या पायांपेक्षा होडीतच जास्त सांडत होतं. थोबाडीतीचं मला काही वाटलं नाही. ते हात बघून मला भीती वाटली, ती आजपर्यंत गेलेली नाही.

"आडवी पड!" मी ओरडले. "काय?" "आडवी पड! झोप चिखलात!" "आई, वेडी झालीस का? कॅमेरा आहे!" पाणी तिच्या मांड्यांना लागलं होतं. मी ओरडत होते आणि ती डोकं हलवत होती, रडत होती, पाय उपसायला बघत होती, आणि प्रत्येक झटक्याला बोटभर खाली जात होती. तू सरपटत गेलास तसं मी जायला हवं होतं. खरं सांगते, मी नाही गेले. मी बांधावरून उतरले, चपला काढल्या, चार पावलं गेले आणि पुढे पाय उचलेनाच. मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी होते तिथेच, ओहळाच्या अलीकडे, पंजाबी ड्रेसमध्ये, पन्नाशी उलटलेली बाई, चिखलात पोटावर पडले. हात पसरले, पाय पसरले, गाल चिखलाला लावला आणि ओरडले, "अशी! माझ्याकडे बघ! अशी पड गो!" त्या गडबडीत आपल्या गावची बोली तोंडातून आली.

तिने माझ्याकडे बघितलं. आईला तिने कधी गवतातसुद्धा बसलेलं बघितलं नव्हतं. आणि ती पडली. बॅग पुढे टाकली, तिच्यावर छाती टाकली आणि हात पसरले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिचा एक पाय सुटला, बुटासकट, आणि मग दुसरा. मी पडल्या पडल्या ओरडत होते, "उठायचं नाही, सरपट, घाई नको," आणि ती बॅग ढकलत, सरपटत ओहळापर्यंत आली. तिथे आता कंबरेच्या वर पाणी होतं. मी मागे सरकून ओढणीचं एक टोक तिवराच्या बुंध्याला गुंडाळलं आणि दुसरं तिच्याकडे फेकलं. तिने ते धरलं. बांधावर चढल्यावर आम्ही दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून बसलो. चिखलामुळे दोघींची तोंडं ओळखू येत नव्हती. मग मी तिला एक थोबाडीत दिली. तिने नुसता गाल चोळला. बहुतेक तिला वाटलं की हे असंच असतं.

पाय धुवायला आम्ही चुलतभावाच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं आणि तोंडाला पदर लावला. "ये काय गो? या वयान निवट्या पकराला गेलीस का?" तुझी नात मागच्या नळाखाली बसली होती. मी ओट्यावर बसून वहिनीला म्हटलं, पाणी फार लवकर भरलं आज. ती म्हणाली, "लवकर कशाला? येलेवरच भरला. सारेसातला पानी फिरला ना." साडेसात. फोनने सांगितली तीच वेळ. घरी आल्यावर मी चष्मा लावून फोन बघितला. आकड्याच्या वर लिहिलं होतं, ठाणे. फोनने मुंबईची नाही, आपल्याच खाडीची वेळ दिली होती, तुझा तास त्याने आधीच धरला होता. मी त्याच्यावर पुन्हा एक तास चढवला होता. कुण्या शिकलेल्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती, आणि खाडी न बघितलेल्याच्या हातूनही नाही. ती फक्त तुझ्या मुलीच्या हातून होणार होती.

संध्याकाळी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. केसांतला वास तीन वेळा धुवूनही गेला नव्हता. म्हणाली, "आई, एक सांगू? तू पहिली हाक मारलीस ना, ती मला ऐकू आली होती. मला वाटलं तू नेहमीसारखीच घाबरतेयस. म्हणून वळले नाही. सॉरी." इतकं सरळ. अंगावरचा चिखल वाळायच्या आत तिने सांगून टाकलं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग तिने विचारलं, "पण पाणी लवकर कसं आलं गं? आजोबांचा तास धरूनसुद्धा?" आणि मी म्हटलं, "उधाण आहे ना. कधी कधी लवकर भरतं."

हे वाक्य कुणाचं आहे ते तू ओळखलंस. त्या दिवशी मला घरी आणलंस तेव्हा आई तुझ्यावर तुटून पडली होती, पोरीला मारायला नेलंस का म्हणून. तू दारात उभा राहून म्हणालास, "पानी लवकर भरला. माजी येल चुकली." तुझी वेळ चुकली हे वाक्य आळीत तासाभरात पोचलं. मग किती दिवस लोक ओट्यापाशी येऊन हसत विचारायचे, "काय रे, आज तरी बरोबर सांगशी ना?" तू पण हसायचास. पण पुढे पुढे वेळ विचारायला येणारे कमी झाले, आणि वर्तमानपत्रही तू मागून आणेनासा झालास. मी ते बघत होते. तुझी वेळ चुकली नव्हती. ती कधीच चुकली नाही, परवासुद्धा नाही.

येत्या शनिवारी तुझी नात तिच्या ऑफिसातल्या लोकांच्या मुलांना बांधावर घेऊन जाणार आहे. आठ मुलं आहेत. बांधावरूनच बघायचं, खाली उतरायचं नाही, असं तिने मला वचन दिलंय, पण लहान मुलं ती, एक चेंडू खाली गेला तरी पुरे. आज सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी तिची डायरी उघडली. खाडीच्या पानावर, पक्ष्यांच्या नावांच्याही वर, चौकटीत लिहिलंय, 'फोनच्या वेळेत एक तास मिळवायचा. आजोबांचा नियम.' मुलांच्या पालकांना तिने तेच कळवलंय. बिबट्याच्या पंजाजवळसुद्धा मी इतकी भ्याले नव्हते. रविवारपासून दोन दिवस मी तिला खरं सांगायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. ती माझ्यावर रागवेल याची भीती नव्हती. तुझ्यावरचा तिचा विश्वास उडेल याची होती. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

ती ऑफिसला जायला निघाली तेव्हा मी दारात म्हटलं, "डायरी आजच्या दिवस ठेवून जा." तिने काही न विचारता दिली. हे पत्र लिहायला बसायच्या आधी मी पेन घेऊन ती चौकट खोडली, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मिळवायचा नाही. फोन ठाण्याचीच वेळ सांगतो. चूक आजोबांची नाही, आईची. पाणी लवकर आलं नव्हतं.' संध्याकाळी ती आली की डायरी तिच्या हातात देणार आहे आणि ती वाचून होईपर्यंत समोरून उठणार नाही. तिच्या वाट्याचं मी लिहून टाकलं. तुझ्या वाट्याचं राहिलंय.

हे पत्र कुठे टाकणार? डब्यांच्या फळीवर, तुझा फोटो आहे त्याच्या मागे ठेवीन. आणि बाबा, तू नेहमी शेवट आधी विचारायचास, म्हणून मी तुला सुरुवातीलाच सगळे बरे आहेत असं सांगितलं. पण तो शेवट नव्हता. होडीत माझे पाय धुताना तू मला विचारलं होतंस, "मी 'पानी फिरला, चल' म्हनून हाक मारली, तुला आयकू नाय आली?" आणि मी मान हलवून नाही म्हटलं होतं. मला आली होती. पहिलीच आली होती. मला आणखी एक निवट्या धरायचा होता.